घरबसल्या काम : आधी माप, मग सौदा

ध्वनिफीत ऐकून ती शब्दशः संगणकावर उतरवून देण्याचे काम आता इंटरनेटवरून घरी मिळते. आपल्या शिकलेल्या मुली-सुना त्याची चौकशी करीत आहेत. आम्ही पडलो कापडाचे व्यापारी, म्हणून मापाचेच बोलतो.

या कामाची मजुरी ध्वनिफितीच्या लांबीवर ठरते, आपण बसलेल्या तासांवर नव्हे. नवख्याला एका तासाची फीत उतरवायला चार तास सहज लागतात. आवाज अस्पष्ट असेल तर त्याहून जास्त. फितीच्या तासाला चारशे रुपये कबूल झाले, तर हाती येतात तासाला शंभरच. म्हणून आधी पाच मिनिटांची फीत उतरवून घड्याळ पाहावे.

दुसरे, काम देणारा पेशगी मागत नसतो. आमच्याच घरातल्या मुलीने नोंदणीचे दोन हजार भरले. पुढे कामात चुका दाखवून उलट दंडाची नोटीस आली! मजूर कधी मालकाला पैसे देतो काय?

साधे इंग्रजी आज यंत्रच लिहिते. माणसाकडे तपासणी उरते. पण उर्दू, दखनी, गावाकडची मराठी आणि त्यांची सरमिसळ येथे यंत्र अजून अडखळते. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, धंदा मराठीत केला; असे दोन भाषांचे कान आपल्या घरोघरी आहेत. मुलींनी दोन्ही लिप्यांचे टंकलेखन पक्के करावे, ऐकलेले अमानत समजावे आणि मगच भाव ठरवावा.