खोली आणि खटला

गेल्या महिन्यात गोदीतून सुटल्यावर एक खोली बघायला गेलो. दहा बाय बारा, मोरी आत, नळ बाहेर. मालकानं आधी आडनाव विचारलं. मग पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरूचा फॉर्म काढला आणि म्हणाला, ‘केसबिस नाय ना तुमच्यावर?’ मी म्हणालो, आहे. मोर्च्यात उचललं होतं. खटला अजून कोर्टात लागलेला नाही. त्यानं डिपॉझिटचे पैसे परत माझ्या हातात कोंबले.

आता सांगा दोस्तांनो, गुन्हा शाबीत केला कुणी? न्यायाधीशानं की घरमालकानं?

मुंबईत भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायचा हुकूम आहे. खोली नाकारायचा नाही. पण मालकाच्या हातात फॉर्म पडला की त्याची चाळणी होते, आणि त्या चाळणीतून कोण खाली पडतं ते आपल्याला ठाऊक आहे. जातीवरून हाकललं तर बोभाटा होतो. ‘रेकॉर्ड’वरून हाकललं की साला साव तो साव राहतो.

पण रेकॉर्ड लिहितं कोण? पोलीस. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो रद्द झाला. मागोमाग ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले. चोरी कुठंही होवो, पोलीस आधी पारध्याच्या पालावर. मग त्या पोराच्या नावावर केस नसली तरच नवल! त्याला खोली कोण देणार?

आपल्या पँथरनं १९७२ साली ज्यांचं नाव घेतलं, ते ब्लॅक पँथर १९६६ साली अमेरिकेतल्या ओकलंड शहरात उभे राहिले. तिथंही हाच खेळ. काळ्याला पोलीस उचलणार आणि तेवढ्यावर घरमालक दार लावणार. त्याच ओकलंडनं २०२० साली कायदा केला : थोडे अपवाद सोडले तर मालकानं भाडेकरूचं गुन्ह्याचं रेकॉर्ड तपासायचंच नाही.

शहाणे म्हणतील, मालकानं शेजाऱ्यापाजाऱ्यांची काळजी करायची नाही? करावी की! पण शिक्षा कोर्ट देतं, ती भोगून संपते. सुटून आलेल्याला खोली नाही मिळाली तर तो फुटपाथवर झोपणार. फुटपाथवरून पोलीस त्याला पुन्हा उचलणार. नवी केस, नवं रेकॉर्ड. यात शेजारी सुखरूप झाला कसा?

म्हणून मागणी साधी आहे. फॉर्म जाऊ दे पोलिसांकडं. पण न लागलेल्या खटल्यावरून, भोगून संपलेल्या शिक्षेवरून खोली नाकारणं हाच गुन्हा ठरवा. मग मालकांचंही रेकॉर्ड तयार होईल.