चाळण आणि मोटारीचें चाक

मोहाडीहून एका वाचकांचें पत्र आलें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांत १४ माणसें आणि मोटार एक. उंच बांध्याची, हल्लीं जिला सर्वत्र 'एसयूव्ही' म्हणतात ती. धाकट्या पुतण्यास तिचीं मूळचीं चाकें काढून अलॉयचीं रुंद, चकचकीत चाकें बसवावयाचीं आहेत, आणि दसऱ्यास चौंडेश्वरीच्या देवळापुढें गाडीची पूजा नव्या चाकांनिशीं व्हावी असा त्याचा बेत आहे. वडील मंडळींस हा सारा नखरा वाटतो. "आपणच निकाल द्यावा," असें पत्रलेखक लिहितात.

घरगुती तंट्यांत निकाल देण्याचें आम्हीं शक्य तों टाळतों. दोन्ही पक्ष मग आमच्यावर रुसतात. परंतु याच गाडीच्या मागच्या आसनावर बसून त्यांच्या वृद्ध मातोश्री दरमहा भंडाऱ्यावरून नागपुरास डॉक्टरांकडे जातात, हें वाचल्यावर आम्हांस गप्प बसवेना.

पुतण्यानें दुकानदारास काय विचारलें, तें पत्रांत आहे: व्यास, रुंदी आणि किंमत. एक आंकडा मात्र कोणीच विचारलेला नाहीं, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा तोच. त्यास 'ऑफसेट' म्हणतात.

तो समजण्यास स्वयंपाकघरांतील पिठाची चाळण पुरेशी आहे. चाळणीचें कडें म्हणजे ज्यावर टायर चढतो ती रिम. आणि जाळी म्हणजे चाकाचा जो भाग गाडीच्या हबला टेकवून आवळतात तो. आतां कड्याच्या आंतून हात घालून तळवा जाळीस लावा. कडें मनगटाभोंवतीं येतें. हा धन ऑफसेट: चाकाचा बराचसा भाग गाडीकडे, आणि ब्रेक त्याच्या पोटांत. चाळण उलटी करून जाळीच्या दुसऱ्या बाजूस तळवा लावला, तर कडें हाताच्या पुढें निघून जातें. हा ऋण ऑफसेट. जाळी कड्याच्या बरोबर मध्यावर असती तर तो शून्य झाला असता. कड्याच्या मध्यरेषेपासून टेकणीचें अंतर मिलिमीटरांत मोजावयाचें, एवढेंच यांतलें शास्त्र. पुष्कळशा चाकांवर हा आंकडा उमटविलेला असतो; त्याच्या आधीं 'ईटी' हीं अक्षरें दिसतात, तीं एका जर्मन सामासिक शब्दाचा संक्षेप होत.

समजा, मूळचें चाक ७ इंच रुंद असून त्याचा ऑफसेट धन ४५ आहे. आणि दुकानांत आवडलेलें चाक ८ इंच रुंद, ऑफसेट धन २०. ऐकणाऱ्यास फरक एका इंचाचा वाटतो. आतां हिशेब करूं. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. मूळ चाकाची अर्धी रुंदी ८८.९, तींतून ४५ वजा केले, कीं बाहेरची कड टेकणीपासून ४३.९ मिलिमीटर बाहेर येते. नव्या चाकाची अर्धी रुंदी १०१.६, २० वजा जातां राहिले ८१.६. म्हणजे बाहेरची कड ३७.७ मिलिमीटर, जवळजवळ दीड इंच, पुढें आली! आंतल्या बाजूस वजाबाकीऐवजीं बेरीज करावयाची: पूर्वींचे १३३.९, आतांचे १२१.६. तेथें उलट १२.३ मिलिमीटर मोकळीक वाढली. दुकानांत चाक चढवून पाहतांना आंत कोठेंच घासत नाहीं म्हणून सर्वजण संतुष्ट होतात, त्याचें कारण हें.

चाकाची मध्यरेषा मात्र २५ मिलिमीटर बाहेर गेलेली असते. पुन्हां चाळण हातीं घ्या आणि कड्यास तांदळाची पिशवी अडकवा (भंडारा जिल्ह्यांत तांदळास तोटा नसावा). कडें मनगटाभोंवतीं असतां ती सहज पेलते. कडें हातापुढें गेलें, कीं तेवढ्याच तांदळानें मनगट लौकर दुखूं लागतें. गाडीचें मनगट म्हणजे हबांतील बेअरिंग. तें एका दिवसांत मोडत नाहीं. आधीं घरघर सुरू होते, आणि ती टायरचीच आहे असें घरांतील सर्वांस वाटत राहतें.

पुढच्या चाकांची गोष्ट याहून नाजूक आहे. तीं एका कल्पित तिरप्या रेषेभोंवतीं वळतात. ती रेषा जमिनीस जेथें मिळते तेथून टायरच्या मध्यापर्यंतचें अंतर निर्मात्यानें विचारपूर्वक ठरविलेलें असतें. तें वाढलें, कीं एकच चाक खड्ड्यांत आदळलें किंवा पावसाळ्यांत रस्त्याकडेच्या पाण्यांत शिरलें, तरी स्टिअरिंग हातांतून ओढल्यासारखें होतें. शिवाय बाहेर डोकावणारा टायर रोवणीच्या दिवसांतला चिखल दारांवर आणि शेजारच्या सायकलस्वारावर उडवितो, तें निराळेंच. माणसें भरून गाडी दबली असतां वळणावर तो मडगार्डास घांसूं शकतो. म्हणून रिकाम्या गाडीवर केलेली परीक्षा आम्हीं परीक्षा मानीत नाहीं.

ऑफसेट वाजवीपेक्षां अधिक असला, तर चाक आंत ब्रेकला किंवा सस्पेन्शनला लागतें. त्यावर मध्यें चकती घालण्याचा उपाय सुचविला जातो. पण चकतीची जितकी जाडी तितका ऑफसेट कमी होतो, हें विसरूं नये.

तेव्हां आमचें मत असें. पुतण्याची हौस गैर नाहीं, आणि वडिलांचा नकारहि गैर नाहीं. फक्त त्याचें कारण चुकीचें आहे. चाकाचें रूप बदलावें, रुंदी व ऑफसेट मूळचेच ठेवावे. ८ इंचांचाच हट्ट असेल, तर ऑफसेट धन ४५ चाच मागावा; म्हणजे मध्यरेषा जागेवर राहून दोन्ही बाजूंस १२.७ मिलिमीटर वाढतील, आणि आंत तेवढी जागा आहे कीं नाहीं हें माणसें बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतें वळवून मोजतां येईल. बोल्टांच्या भोंकांचें वर्तुळ, मधलें भोंक आणि चाकाची भार सोसण्याची मर्यादा जुळलीच पाहिजे, हें सांगावयास नको. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणींतील मूळ वर्णनाशीं विसंगत ठरेल असा फेरफार करतां येत नाहीं. विमा कंपनीसहि आधीं लेखी विचारलेलें बरें.

जुनीं चाकें मात्र निदान पुढचा पावसाळा पार पडेपर्यंत विकूं नयेत. ओसरीवर जागा अडते अशी तक्रार घरांतून येईल. तरीहि तीं ठेवावीं.