यंत्र जुने, सॉफ्टवेअर नवे. पण वापरणारा कोठे आहे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. साधारणतः २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक पुढच्या प्रणालीच्या अटींत बसत नाहीत. चंद्रपूर व गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांत एकदा आलेले यंत्र सहजासहजी बदलून मिळत नाही. त्यामुळे तेथील शाळा व कार्यालये यांच्यापुढे पेच उभा राहतो. चालते यंत्र मोडीत काढावयाचे, की त्यावर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसवावयाची? दुसरा मार्ग शहाणपणाचा आहे यात शंका नाही. मात्र जे फुकट आहे ते आपोआप वापरले जाईल, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. जुन्या घरगुती संगणकांची कहाणी या दृष्टीने उद्बोधक ठरावी.

ज्या १९८२ साली चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, त्याच साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअरचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ आणि अमेरिकेत ‘कमोडोर ६४’ बाजारात आला. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची आणि कॅसेटवरून आज्ञावली भरावयाची, अशी ही यंत्रे होती. स्पेक्ट्रम सुमारे ५० लाख, तर कमोडोर सव्वा कोटीहून अधिक खपला, असा अंदाज आहे. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने त्याच दशकात स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्तीही परवान्याने काढली होती. या यंत्रांसाठी आजही हौशी मंडळी नवे खेळ व नव्या आज्ञावल्या लिहीत असतात. ४८ किलोबाइटच्या तुटपुंज्या स्मृतीत त्यांनी साधलेले कसब थक्क करणारे आहे. तरीही वापरणारे मिळत नाहीत. २०१७ साली ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ हे नवे यंत्र लोकवर्गणीतून काढण्यात आले, तेव्हा पुढे आलेले वर्गणीदार तीन हजारांच्या घरात होते. कोठे ५० लाख आणि कोठे ३ हजार!

याचे कारण सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेत शोधून उपयोग नाही. पहिली गोष्ट अशी, की सॉफ्टवेअर ही यंत्राला पूरक असलेली वस्तू आहे. यंत्रे बिघडली, कॅसेट खराब झाल्या, आणि पूरक वस्तूची मागणी त्यांच्याबरोबरच आटली. दुसरी गोष्ट, जुन्या यंत्राकडे जो परततो तो बहुधा आपल्या बालपणाकडे परतत असतो. त्याला तेव्हाचाच खेळ हवा असतो. नव्या खेळाशी त्याची कोणतीच आठवण जोडलेली नसते. शिवाय त्या काळच्या हजारो आज्ञावल्या आज विनासायास उपलब्ध असल्याने नव्या निर्मितीला त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते, आणि वापरणाऱ्याच्या हाती असतात आठवड्यातले मोजके तास. अशा व्यवहारात खरी किंमत पैशांत नव्हे, तर वेळात मोजावी लागते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. त्या काळी आज्ञावल्या छापणारी मासिके होती, दुकाने होती, कॅसेटची देवघेव करणारे वर्गमित्र होते. अडले तर विचारावयास कोणीतरी शेजारी होते. आज हे वर्तुळ आक्रसले असून लिहिणारे आणि वापरणारे पुष्कळदा तेच ते लोक असतात.

आपल्याकडे असे वर्तुळ मुळात घडलेच नाही. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पाखाली सुमारे २५० शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ संगणक दिले. यंत्र उत्तम होते. परंतु आज्ञावल्या इंग्रजीत होत्या आणि शालान्त परीक्षेत त्या अभ्यासाला स्थान नव्हते. यंत्र शाळेत पोहोचले, पण ते शाळेचे झाले नाही.

यावर कोणी म्हणेल, की घरगुती संगणक ही हौस होती, शाळा-कार्यालयांतील संगणक ही गरज आहे. आक्षेप योग्य आहे. परंतु गरज संगणकाची असते, अमुक एका नव्या प्रणालीची नव्हे. ज्या लिपिकाचा हात जुन्या मराठी फाँटवर बसला आहे, त्याच्या दृष्टीने नवी प्रणाली म्हणजे खोळंबलेल्या फायली. एटापल्ली किंवा सिरोंचा तालुक्यातील शिक्षकाला यंत्र अडल्यावर विचारावे कोणाला, हा प्रश्न पडतो. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्कच तुटतो. तेथे दुरुस्तीसाठी नागपूरची वाट पाहणारे यंत्र कपाटातच जाणार.

केरळचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पातून त्या राज्याने पुढे शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणले. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके त्यावर बेतली आणि दहावीची संगणक-परीक्षाही त्यावरच घेतली. वापरणाऱ्याची तेथे वाट पाहिली गेली नाही. तो तयार करण्यात आला.

गडचिरोली येथे मुख्यालय असलेले व दोन्ही जिल्ह्यांचे कार्यक्षेत्र असलेले गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून उभे आहे. त्याच्या विद्यार्थ्यांकडे तालुकावार देखभालीचे काम सोपविता येईल. माडिया-गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या बोलीतील पाठ या यंत्रांवर तयार करता येतील. कारण जे जुन्याजवळ नव्हते असे काही नव्याने दिले, तरच माणूस सवय मोडतो. एवढे करावयाची तयारी नसेल, तर विनामूल्य प्रणाली हीदेखील महागच पडेल. संगणक टिकवावयाचा असेल तर तरतूद आधी माणसांसाठी हवी, आणि ती यंत्रावर नवी प्रणाली चढविण्यापूर्वी हवी.