हुकूम कोणाचा, जाब कोणाचा?

वाशीम-रिसोडच्या कुणब्याचा पोर भरतीला निघाला कीं घरचे सांगतात, “हुकूम मोडूं नको!” आम्ही विचारतों, कोणता हुकूम? 1945 सालीं इंग्रजांनीं मराठा पलटणी सुराबायांत इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यवीरांवर घातल्या. साम्राज्य साहेबाचें, मुडदे शेतकऱ्याच्या पोरांचे! 1946 च्या फेब्रुवारींत मुंबईच्या खलाशांनीं संप केला, त्यांत हिंदी फौजा इंडोनेशियांतून परत आणण्याचीही मागणी होती. 1950 च्या न्यूरेंबर्ग तत्त्वांप्रमाणें, नकार शक्य असतां वरिष्ठाचा हुकूम ही सबब चालत नाहीं. त्याच सालच्या आमच्या लष्करी कायद्याचें 41 वें कलमही ‘कायदेशीर’ हुकुमाचीच अवज्ञा गुन्हा ठरवितें. बेकायदा युद्ध पुकारण्याचें पाप राज्यकर्त्यांचें. निःशस्त्रावर गोळी घालण्याचें मात्र शिपायाच्याही माथीं. पोथीची आज्ञा विचाराविना मानूं नये, हें जोतीरावांनीं शिकविलें. बांधवहो, साहेबाच्या आज्ञेलाही तोच न्याय लावा!