गाणे कसे रचलेत, हे विचारा



जयंतीच्या रात्री आपल्या वस्तीत गायक येतो, उशिरापर्यंत गातो. आपण त्यास हार घालतो, बिदागी देतो (ती देतानाही घासाघीस करतो, ते वेगळेच) आणि निरोप देतो. आधी चाल सुचली की शब्द, गीत कागदावर उतरविले की मुखोद्गत ठेवले, नावडते कडवे का गाळले, हे त्यास कोणीही विचारीत नाही. ही उदासीनता आपणांस परवडणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या धर्माचा आपण त्याग केला, त्याने विद्या जन्मावर बांधून टाकली होती. कवित्व म्हणजे पूर्वजन्मीचे सुकृत अथवा सरस्वतीचा प्रसाद, असे एकदा मानले की 'कसे केले?' हा प्रश्नच उरत नाही. भगवान बुद्धांनी मात्र प्रत्येक गोष्ट कारणांपासून उद्भवते, असे शिकविले. मग गीतालाही कारणे असलीच पाहिजेत. आणि ती कळली, तर तुमच्या मुलामुलींनाही त्या वाटेने जाता येईल.

वामनदादा कर्डकांचेच पाहा. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या या कवीस अक्षरओळख झाली ती प्रौढपणी, मुंबईत. ज्या हाताने तारुण्यात प्रथम मुळाक्षरे गिरविली, त्याच हाताने पुढे असंख्य गीते लिहिली. हे घडले कसे? 'उपजत प्रतिभा' असे म्हणून मोकळे होणे म्हणजे त्यांच्या कष्टांवर पडदा टाकणे होय. दादा २००४ साली गेले. आता त्यांना विचारता येणार नाही.

परमपूज्य बाबासाहेबांच्या लेखनपद्धतीविषयी आपणांस जे ठाऊक आहे, त्यातील बराच भाग नानकचंद रत्तू यांच्यामुळे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना व उपोद्घात आपल्या टेबलावर ठेवावयास सांगितले, हे रत्तूंनी लिहून ठेवले नसते, तर त्या अखेरच्या रात्रीही ग्रंथाचेच काम मनात होते, हे आपणांस कसे कळले असते?

मीनाक्षी मून व उर्मिला पवार यांनी तर याहून अवघड काम केले. चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. ज्यांना सभेच्या व्यासपीठावर खुर्ची मिळत नव्हती, त्यांचे शब्द त्यामुळे छापून आले.

म्हणून आपणांस विनंती आहे. पुढील रविवारी वंदना आटोपल्यावर वस्तीतील वृद्ध गायकास, शाहिरास, बुद्धमूर्ती घडविणाऱ्या कारागिरास विहारात बसवा. 'आपली प्रेरणा कोणती?' असले पोकळ प्रश्न नकोत. त्याचे उत्तर सर्वांचे सारखेच येते. त्याऐवजी विचारा : पहिली वही कोठून आणली? पाळी संपवून घरी आल्यावर कोणत्या वेळी बसत होता? ताल कोणी शिकविला? श्रोते उठून जाऊ लागले, तेव्हा गीतात काय बदल केला? हल्ली खिशातल्या फोनवरही आवाज टिपता येतो. परंतु आरंभी गायकाचे नाव, गाव व तारीख मोठ्याने उच्चारा, नाहीतर दहा वर्षांनी तो आवाज कोणाचा, हे घरच्यांनाही सांगता येणार नाही.

आणि वह्या जपून ठेवणाऱ्या, कोरसात गाणाऱ्या त्याच्या पत्नीची मुलाखत निराळ्या दिवशी घ्या. एकत्र बसविल्यास तिची उत्तरेही तोच देतो.