उल्हासचे पाणी आणि मुलांची आज्ञावली

आज्ञावली, म्हणजे यंत्राने क्रमाने पाळावयाच्या सूचनांची मांडणी, केवळ पडद्यावर शिकवली तर तिच्यातील चूक मुलांना एका संदेशापुरतीच दिसते. चाकांवरचा छोटा रोबो मात्र त्याच चुकीमुळे भिंतीवर आदळतो आणि कारण शोधण्यास भाग पाडतो. सीमोर पेपर्ट व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये घडवलेल्या 'लोगो' या संगणकभाषेला पुढे जमिनीवर रेषा काढणाऱ्या यांत्रिक कासवाची जोड मिळाली, ती याच विचारातून. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेने सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांना प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले, हे मोलाचेच. परंतु तयार संच पुस्तिकेबरहुकूम जोडण्यातच तासिका संपत असेल, तर ते शिक्षण अपुरे आहे.

त्याला परिसरातील खऱ्या प्रश्नाची जोड हवी, आणि उल्हास नदीकाठच्या बदलापूरच्या मुलांना असा प्रश्न बाहेरून आणावा लागत नाही. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. ध्वनिलहरींचा प्रतिध्वनी परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर शालेय प्रयोगातही पाण्याची पातळी टिपू शकतो. लाटांमुळे मात्र प्रत्येक नोंद थोडी वेगळी येते, म्हणून एकाच नोंदीवर पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजवावा की सलग नोंदींची सरासरी पाहावी, हे मुलांनाच ठरवावे लागते आणि तसे आज्ञावलीत लिहावे लागते.