प्रार्थनेच्या रांगेतील रिकामी जागा

महामारीच्या प्रारंभी ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द जगभर रूढ झाला. त्यातील धोका ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ असा शब्द योजण्यास आरंभ केला. अंतर शरीरांत असावे, माणसामाणसांत नव्हे, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे मात्र पहिलाच शब्द टिकला आणि दुर्दैवाने अनेक ठिकाणी तो शब्दशः खराही ठरला. प्राणवायू, खाटा आणि लसी यांचा हिशेब पुढे पुष्कळ मांडला गेला. मनांवर आलेल्या ताणाचा हिशेब अजून व्हावयाचा आहे, आणि त्याचा आरंभ यवतमाळ जिल्ह्यापासून करणे उचित ठरेल.

कारण या जिल्ह्याला विपत्ती नवी नव्हती. कापसाच्या भावावर आणि पावसाच्या लहरीवर संसार तोलणारा हा प्रदेश शेतकरी आत्महत्यांमुळे आधीच देशाला ठाऊक झालेला. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीने कापूसखरेदी रखडली आणि खरिपाच्या तोंडावर अनेक घरांत कापूस पडून राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातील रुग्णसंख्या पुन्हा चढू लागली, तेव्हा अमरावती आणि अकोल्यासह यवतमाळचेच नाव पुढे होते.

अशा वेळी माणूस श्रद्धेकडे वळतो. पण श्रद्धेची नित्याची रूपेच थांबली होती. २०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपुरास गेल्या. कळंबच्या श्रीचिंतामणीचे दर्शन बंद झाले. ज्याच्या थाटाची तुलना कौतुकाने कोलकात्याशी केली जाते, तो यवतमाळचा दुर्गोत्सव चार फुटांच्या मूर्तीवर आला. राज्यातील देवळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी पुनश्च उघडली. यावर राजकारण रंगले. गर्दी टाळणे आवश्यकच होते; मद्यालये आधी आणि देवालये नंतर का, हा प्रश्नही रास्त होता. मात्र त्या वादात एक गोष्ट कोणी फारशी विचारली नाही. घरच्या देव्हाऱ्यात नसलेले असे देवळात काय असते, की ज्यावाचून माणूस व्याकूळ व्हावा?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम याने १८९७ साली आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात याचे उत्तर शोधले होते. धर्म माणसाला सावरतो तो केवळ सिद्धांतांमुळे नव्हे, तर तो त्याला समूहाशी बांधून ठेवतो म्हणून, असे त्याचे प्रतिपादन. विदर्भाला हे दुर्खाइमकडून शिकण्याचे कारण नव्हते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खेडोपाडी सामुदायिक प्रार्थना रुजवली, ती याच जाणिवेतून. सायंकाळी रांगेत शेजारी बसणारा मनुष्य दोन दिवस आला नाही, तर ती जागा रिकामी दिसते आणि कोणीतरी त्याच्या घरी जाऊन विचारपूस करतो. पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांचेही तसेच. पिकाचे दुःख, सावकार आणि सरकारवरचा राग तिथे गावासमक्ष, हसतखेळत बोलून दाखवता येतो. महामारीत रांग मोडली आणि कोणाची जागा रिकामी आहे हेच दिसेनासे झाले.

सर्वांत कठीण गेले ते मृत्यूच्या घरी. मृत्यू झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारून, सोयऱ्यांकडून पिठले-भाकर येते, बायाबापड्या येऊन बसतात, आणि तेरवीपर्यंत त्या घरातील माणसाला एकटे सोडले जात नाही. शोक वाटून घेण्याची ही आपल्या पूर्वजांनी घातलेली रीत. त्या दोन वर्षांत अनेकांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही घडले नाही, भेटीला कोणी आले नाही, आणि न रडलेले दुःख मनात तसेच राहिले. ज्या गावांत निदान दाराबाहेर डबा पोहोचला, रोज एक दूरध्वनी आला, तिथे दुःखाला काही वाट मिळाली.

परंतु जे कोणत्याच रांगेत नव्हते, त्यांचे काय? एप्रिल २०२१ मध्ये वणी येथे दारूची दुकाने बंद असल्याने सॅनिटायझर प्यालेल्या सात जणांचा मृत्यू झाला. व्यसनी माणसाकडे आपला भजनी समाज बहुधा पाठ फिरवतो. त्याला आपल्यात बसवून घ्यावे असे किती मंडळांना वाटते?

श्रद्धा आणि सोयरगत यांच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवनयात्रा संपवली. ही राज्यातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. करपे संगीताची जाण असलेले गृहस्थ होते. सुरांनी कर्ज फिटत नाही, आणि शेतमालाच्या भावाचा प्रश्न सत्संगावर सोपवता येत नाही. मनाच्या आजाराला तर वैद्यच हवा. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही निःशुल्क सेवा देशभर उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक देवळाच्या फलकावर, आरतीच्या वेळांशेजारी लिहिला जावा. यवतमाळचे दीनदयाळ बहुउद्देशीय प्रसारक मंडळ आत्महत्याग्रस्त कुटुंबांत वर्षानुवर्षे काम करीत आहे. पण एका संस्थेने सोळा तालुके पेलावेत, ही अपेक्षा अन्यायाची होय.

आणि या कुटुंबांतील स्त्रीचे काय? कोरोनाने अनेक तरुण स्त्रियांच्या कपाळचे कुंकू पुसले. आधाराची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच क्षणी आपली रूढी तिला मंगलकार्यांतून बाजूला बसवते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे आवाहन केले. परिपत्रक ग्रामपंचायतीच्या कपाटात राहू शकते. निमंत्रण मात्र घरातूनच जावे लागते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दारव्हा, पुसद, वणीच्या आळ्यांतून अशा किती भगिनींना बोलावणे जाते, आणि ते घेऊन कोण जाते, हे त्या त्या घरातील ज्येष्ठ सुवासिनींनीच ठरवावयाचे आहे.